आप्पांच्या बागेत कुठला फोन चालेल?

२०२४ च्या नोव्हेंबरात, फळछाटणीनंतर साधारण पस्तिसाव्या दिवशी, आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, द्राक्षबागेच्या खालच्या अंगाला तिसऱ्या ओळीत एका पानावर तेलकट पिवळा डाग दिसला. द्राक्षवाल्याला या डागाचा अर्थ सांगावा लागत नाही. पान पालथं करायचं, खाली पांढरी बुरशी धरलेली असली की ती डावणी, आणि मग फवारणी त्याच दिवशी. पहाटे धुकं पडत होतं, त्यामुळे एक दिवसही सोडून चालणार नव्हतं. आप्पांनी फोटो काढून सल्लागारांना पाठवला. उत्तर आलं, "फोटो पुसट आहे, पानाच्या पालथ्या बाजूचा जवळून काढून पाठवा." आप्पा परत खाली गेले, पान पालथं धरलं, बटण दाबलं, तर फोनवर आलं की जागा शिल्लक नाही. दिवस मावळला. फवारणी दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. तोवर त्या ओळीतले आणि शेजारच्या दोन ओळींतले काही घड गेले होते.

रात्री आप्पांचा फोन आला. "ह्याचा कॅमेरा गेला बघ. आता चांगल्या कॅमेऱ्याचा एखादा फोन बघून ठेव. फोटो चांगला निघाला पायजे आन चार्जिंग टिकलं पायजे. बास."

मी पुण्यात नोकरीला. त्याच रात्री फोन शोधायला बसलो आणि १०८ मेगापिक्सेलचे चार फोन बाजूला काढून ठेवले. पाच महिन्यांनी आम्ही फोन घेतला तेव्हा त्या चारांतला एकही घेतला नाही, आणि जो घेतला तो कॅमेऱ्यासाठी घेतला नाही. मधे काय काय घडलं ते सविस्तर लिहितो आहे, कारण गावाकडे आईवडिलांसाठी फोन घेणारा जवळजवळ प्रत्येक मुलगा मी केली तीच सुरुवात करतो, असं मला दिसतं.

घर आणि जुना फोन

आमचं गाव तासगाव तालुक्यात. अडीच एकर माणिक चमनची बाग, माल बेदाण्याला जातो. ओढ्यापलीकडे पावणेदोन एकराचा तुकडा आहे, त्यात खरिपाला सोयाबीन आणि रब्बीला शाळू. आप्पा त्रेसष्ट वर्षांचे, आई सत्तावन्न. घरात स्मार्टफोन एकच, २०१९ साली घेतलेला, ३ जीबी रॅम आणि ३२ जीबी जागेचा. आईकडे बटणाचा फोन.

डिसेंबरात एका शनिवारी गावी गेलो तेव्हा आधी तो जुना फोन हातात घेऊन नीट पाहिला. मागच्या भिंगावर निळसर पांढरा थर बसला होता. बोर्डो मिश्रणाचा, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा. फवारणी करून आलं की हात पुसायचे आणि फोन उचलायचा, असा पाच वर्षांचा थर. स्पीकरच्या जाळीतही तोच भरला होता. सुती फडकं ओलं करून भिंग दोनदा पुसलं आणि अंगणातल्या जास्वंदीच्या पानाचा फोटो काढला. शिरा अन् शिरा दिसली.

आई म्हणाली, "म्हंजे कॅमेरा चांगलाच हाय की."

चांगलाच होता. मग जागेचा हिशेब काढला. ३२ जीबीतली बरीचशी फोनच्या स्वतःच्या यंत्रणेनेच खाल्लेली. उरलेल्या जागेत ११ जीबी फक्त व्हॉट्सॲपवरून आपोआप उतरलेलं होतं, सुप्रभातची चित्रं, कीर्तनाच्या चित्रफिती, एकच बातमी पाच गटांतून पाच वेळा. मी ते काढून टाकलं आणि आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद केली. आमचे घड ज्यासाठी गेले ते दुखणं एका दुपारीत आणि एक रुपया न खर्चता बरं झालं. हे नोव्हेंबरआधी का केलं नाही याची मला आजही चुटपुट आहे.

मग नवा फोन हवाच कशाला, हा प्रश्न आपोआप आला. मी आप्पांना म्हटलं, अजून महिनाभर हाच वापरून बघू, संक्रांतीला येतो.

वहीतले दोन दिवस

जानेवारीत दोन दिवस वही घेऊन आप्पांच्या मागेमागे फिरलो. त्यांनी फोन कधी काढला, कशासाठी काढला, कुठे अडलं, एवढंच टिपत गेलो. या प्रकरणातला हाच सगळ्यात उपयोगी भाग ठरला, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

पहाटे साडेचार. त्या आठवड्यात शेतीच्या लाइनची पाळी रात्रीची होती. आप्पा पंप चालू करायला निघाले ते फोनच्या टॉर्चवर. वाटेत ओढा, कडेला गवत, सापाकिरड्याची जागा. वीस मिनिटं टॉर्च चालला. दिवस उजाडायच्या आत बॅटरी पंच्याऐंशीवर.

साडेनऊ. बागेत ड्रिपच्या वेळापत्रकाचा संदेश बघायचा होता. आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, डोक्यावरून पुढे ओढला, त्या अंधारात फोन धरला आणि वाचलं. हे ते इतक्या सहज करत होते की ही अडचण आहे असं त्यांच्या कधी मनातही आलं नसेल. दोन दिवसांत सतरा वेळा टॉवेल डोक्यावर गेला.

साडेदहा. ब्लोअरने फवारणी. फोन बियाण्याच्या प्लास्टिक पिशवीत. व्यापाऱ्याचा फोन आला, ओल्या बोटाने उचलता आला नाही.

बोटाच्या ठशाचं वेगळंच झालं. आप्पांच्या उजव्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर छाटणीच्या कात्रीने घट्टे पडलेत, वर चुन्यामोरचुदाने कातडी गुळगुळीत झाली आहे. मी मोजलं, अकरा वेळा बोट लावलं तेव्हा तीनदा फोन उघडला. दुकानात आम्ही दोघांनी बोट लावून पाहिलं असतं तर माझं बोट लगेच चाललं असतं आणि मी पुढच्या गोष्टीकडे गेलो असतो. आप्पांच्या हातांसाठी आकड्यांचं कुलूप हवं आणि त्याचे आकडे मोठे दिसले पाहिजेत, हे मला तिथे बागेत कळलं.

दुपारी जेवणानंतर फोन आप्पांकडे नसतोच. तो आईकडे असतो. बचत गटाच्या हिशेबाच्या पानांचे फोटो, नातीशी व्हिडिओ कॉल, मग भजनं. दोन्ही दिवशी दोन तासांच्या वर. "आप्पांसाठी फोन" असं आम्ही सगळेच म्हणत होतो, पण फोन वापरणारी माणसं दोन होती आणि दुसऱ्या माणसाला काय हवं ते कुणीच विचारलं नव्हतं. आईनेही आपण होऊन सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी कृषी सेवा केंद्रात औषधाचे पैसे द्यायला यूपीआय उघडलं. तीनदा ते मधेच बंद होऊन पहिल्यापासून सुरू झालं. मागे माणसं उभी. शेवटी आप्पांनी खिशातून नोटा काढल्या.

आणि ई-पीक पाहणी. राज्यभर ही सोय १५ ऑगस्ट २०२१ पासून आहे. पेरलेल्या पिकाचा फोटो शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून काढायचा आणि पीक सातबाऱ्यावर चढवायचं. २०२४ च्या रब्बीपासून ॲप बदललं आणि फोटो गटाच्या, म्हणजे सातबाऱ्यावरच्या त्या जमिनीच्या तुकड्याच्या, जवळच, ५० मीटरच्या आत, काढायचं बंधन आलं. आप्पा शाळूच्या मधोमध उभे आणि फोन सांगतोय की तुम्ही गटापासून लांब आहात. ते आधी दोनदा जाऊन परत आले होते, तिसऱ्यांदा मी बरोबर होतो. उपग्रहांचा ठावठिकाणा धरायला फोनला चार मिनिटं लागली, आणि धरल्यावरही निळा ठिपका ओढ्याच्या अलीकडे-पलीकडे उड्या मारत राहिला. नोंद अखेर गावातल्या पीक पाहणी सहायकाच्या फोनवरून झाली.

दोन दिवसांत टाइप एकही अक्षर केलं नाही. सगळं बोलून. एकही खेळ नाही, एकही सेल्फी नाही. फोटो एकूण सात, त्यातले पाच पानांचे आणि काड्यांचे.

वहीवरून गरजा लिहिल्या तेव्हा क्रम असा लागला. पहिली, भर उन्हात वाचता येणारा पडदा. दुसरी, शेतात उभं राहिल्यावर जागा नेमकी आणि लवकर दाखवणारा जीपीएस. तिसरी, यूपीआय आणि व्हॉट्सॲप एकावेळी उघडे राहतील एवढी रॅम आणि पुरेशी जागा. चौथी, पहाटे टॉर्च लावूनही रात्री नऊपर्यंत टिकणारी बॅटरी. त्यानंतर पाण्याचे शिंतोडे आणि धूळ. कॅमेरा यादीत होता, पण बराच खाली.

जुन्याच फोनवर भागलं असतं का?

बॅटरी नवी टाकली असती तर चौथी गरज भागली असती. जागा मोकळी केलीच होती. पण त्या फोनला सुरक्षेचे अपडेट येणं कधीचंच थांबलं होतं आणि त्याच फोनमध्ये आप्पांचं बँकखातं, आधारला जोडलेला नंबर, फार्मर आयडीचे ओटीपी. बेदाण्याचे वर्षाचे पैसे ज्या खात्यात येतात ते खातं अशा फोनवर चालवू द्यायला माझं मन तयार नव्हतं. आणि पडदा काही बदलून उजळ होणार नव्हता.

जीपीएसचं मात्र सांगायला हवं, कारण त्यात फोनचा दोष अर्धाच होता. फोनला आपली जागा काढण्यासाठी उपग्रह त्या क्षणी आकाशात नेमके कुठे आहेत हे आधी कळावं लागतं. नेटवर्क असेल तर ती माहिती इंटरनेटवरून क्षणात येते. नेटवर्क नसेल तर ती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते आणि उपग्रह ती सेकंदाला ५० बिट इतक्या संथ गतीने पाठवतो. एका उपग्रहाची स्वतःची माहिती यायलाच अर्धा मिनिट जातो, सगळ्या उपग्रहांची यादी पूर्ण यायला साडेबारा मिनिटं. ओढ्यापलीकडच्या तुकड्यात आमच्याकडे नेटवर्क नाही. त्यामुळे फोन तिथे नेऊन जीपीएस चालू केला की तो शून्यापासून सुरुवात करतो. उपाय साधा आहे. घरून निघायच्या आधी, नेटवर्कमध्ये असताना, नकाशा उघडायचा आणि निळा ठिपका घरावर स्थिर होऊ द्यायचा. ही माहिती दोनेक तास तरी कामी येते. जुन्या फोनवर हे करून पाहिलं तर चार मिनिटांचं काम दीड मिनिटावर आलं. ठिपक्याच्या उड्या मात्र थांबल्या नाहीत.

आणखी एक तपासून घ्यावं. अँड्रॉइड १२ पासून प्रत्येक ॲपला नेमकी जागा कळू द्यायची की अंदाजे, हे आपल्याला विचारलं जातं. घाईत "अंदाजे" दाबलं गेलं असेल तर फोन कितीही चांगला असला तरी गट सापडणार नाही.

मार्चमधला रविवार

दुकानातल्या दिव्याखाली आमच्या यादीतली एकही गोष्ट कळणार नव्हती. म्हणून मी उलट्या बाजूने गेलो. गावात आज प्रत्येक दराचा फोन कुणाकडे ना कुणाकडे असतोच. चुलतभावाकडे १०८ मेगापिक्सेलवाला, माझ्या पहिल्या चारांतलाच एक. वरच्या आळीतल्या एका पोराकडे साडेदहा हजारांचा ५जी फोन, ४ जीबी रॅमचा. आणि शेजारच्या गुरुजींकडे सॅमसंगचा गॅलेक्सी ए१६ ५जी, ऑक्टोबर २०२४ मध्ये बाजारात आलेला. तिघांनी रविवारी सकाळी आपापले फोन बंद करून आमच्याकडे आणून दिले. फोन अर्धा दिवस बंद ठेवून दुसऱ्याच्या हातात देणं ही लहान गोष्ट नाही. त्या तिघांमुळे आमचा निर्णय अंदाजावर राहिला नाही.

बंद यासाठी ठेवले की जीपीएसने सगळं पहिल्यापासून शोधावं. दुपारी ओढ्यापलीकडे नेऊन चारही फोन एकदम सुरू केले. जुन्याला सव्वाचार मिनिटं लागली. बाकी तिघांनी मिनिटाच्या आतबाहेर जागा धरली आणि ती बांधाच्या आत स्थिर राहिली. म्हणजे या कसोटीवर नव्या तिघांत निवड होणार नव्हती. फरक दुसरीकडेच दिसला. साडेदहा हजारांच्या फोनमध्ये होकायंत्राचा सेन्सरच नव्हता. आपण कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहोत हे त्याला कळत नव्हतं, नकाशावरचा बाण चालायला लागल्यावरच वळायचा. ज्याला बांधाच्या कोपऱ्यापर्यंत नकाशा बघत जायचंय त्याला हे फार जाचतं.

मग ऊन. दीड वाजता मांडवाच्या बाहेर, चारही फोन एकाच दगडावर ओळीने ठेवले, प्रत्येकात एकच संदेश उघडून. आप्पांना म्हटलं टॉवेल खांद्यावरच राहू द्या. चुलतभावाचा आणि साडेदहा हजारांचा, दोन्ही मागून उजेड देणाऱ्या एलसीडी पडद्याचे. अक्षरं होती एवढं कळत होतं, वाचता येत नव्हती. गुरुजींचा अमोलेड पडदा, म्हणजे ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो तो. आप्पांनी वाकून एका दमात वाचलं, "संध्याकाळी सहा ते आठ, दोन नंबरचा वॉल." वाचून झाल्यावर माझ्याकडे बघितलं आणि फोन परत उचलून लांब धरून पुन्हा वाचला. मला वाटतं त्यांच्यापुरता निर्णय तिथेच झाला होता.

अमोलेड असला की झालं, असं समजू नये. फोन तापला की तो आपला उजेड आपोआप उतरवतो. दगडावर दहा मिनिटं ठेवल्यावर तिन्ही नवे फोन थोडे मंद झाले. उन्हाळ्यात ट्रॅक्टरच्या बॉनेटवर फोन ठेवायची सवय मोडायला हवी, ती आप्पांनी मोडली.

पानाचा फोटो शेवटी. जुनं, भुरी या दुसऱ्या बुरशीरोगाचे डाग असलेलं पान सापडलं. एक वीत अंतरावरून साध्या मुख्य कॅमेऱ्याने काढलेले तिघांचे फोटो उत्तम आले. जवळच्या फोटोंसाठी दिलेला २ मेगापिक्सेलचा वेगळा कॅमेरा चुलतभावाच्या फोनमध्ये वापरून पाहिला, तो फोटो सगळ्यात वाईट. फोटो व्हॉट्सॲपवर गेला की तसाही तो दाबून लहान केला जातो, तिथे १०८ आणि ५० मेगापिक्सेलमध्ये फरक शोधूनही सापडला नाही. पाठवताना एचडी निवडलं, किंवा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर फरक लगेच दिसतो. हे दोन टॅप आप्पांना शिकवायला पाच मिनिटं लागली.

विहिरीजवळच्या खोलगटात एकच सिम चारही फोनमध्ये घालून बघितलं. आवाज सगळीकडे सारखाच तुटत होता. खोलगटापर्यंत टॉवरच पोचत नसेल तर महागातला फोनही तिथे काही करू शकत नाही. ५जी बद्दल एवढंच की जिओ आपलं ५जी ७०० मेगाहर्ट्झवरही चालवतं आणि या कमी वारंवारतेच्या लहरी लांबवर आणि भिंतीआड पोचतात, म्हणून फोनच्या माहितीत त्या ७०० साठीचा एन२८ हा बँड आहे ना ते पाहून घेतलं. तो होता.

साडेदहा हजारांच्या फोनवर यूपीआय उघडताना व्हॉट्सॲप बंद पडत होतं. खोक्यावर "४+४ जीबी" लिहिलेलं. त्यातले दुसरे चार खरे नसतात. साठवणुकीच्या जागेतला तुकडा रॅम म्हणून वापरायचा, आणि ती जागा खऱ्या रॅमच्या मानाने खूपच मंद असते. स्वस्त फोनमध्ये ती ईएमएमसी जातीची असली तर आणखी मंद, यूएफएस असली तर बरी. खोक्यावर हे ठळक लिहिलेलं नसतं, विचारावं लागतं.

एक चौथा पर्यायही मधे येऊन गेला. न्यू जर्सीतल्या मामेभावाने आपला वापरलेला आयफोन १४ पाठवतो म्हटलं. मोठ्या मनाने म्हटलं. पण अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ ला सिम घालायची जागाच नसते, सगळं फोनच्या आतच असलेल्या ई-सिमवर. आमच्याकडे फोन पडला, भिजला, तर सिम काढायचं आणि आईच्या बटणाच्या फोनमध्ये घालायचं, दोन मिनिटांत माणूस पुन्हा बोलता. ती सोय सोडायला आप्पा तयार झाले नाहीत, आणि त्यांचं बरोबर होतं.

किमतीचा हिशेब

आप्पांनी धा-बारा हजार म्हटलं होतं. ए१६ बाजारात आला तेव्हा १८,९९९ रुपयांना होता, एप्रिलपर्यंत आमच्याकडे साडेसोळा हजारांवर आला. चार-पाच हजार जास्त. इथे मी आप्पांना बेदाण्याच्या रॅकचं उदाहरण दिलं. शेडवरच्या जाळीचा दर आपण कसा बघतो? किती वर्षं जाईल त्यावरून. या फोनला कंपनीने सहा वर्षं सुरक्षेचे अपडेट आणि अँड्रॉइडच्या सहा आवृत्त्या जाहीर केल्या आहेत. साडेदहा हजारांच्या फोनला दोन वर्षांचंच आश्वासन होतं. साडेसोळाला सहाने भागलं तर वर्षाला पावणेतीन हजार, साडेदहाला दोनने भागलं तर सव्वापाच. अर्थात अपडेट सहा वर्षं मिळाले म्हणून बॅटरी सहा वर्षं जाईल असं नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी बॅटरी एकदा बदलावी लागेल, तेही धरलं. पडदा फुटला तर सांगलीत किती लागतील तेही आधी विचारून घेतलं. अमोलेड पडदा एलसीडीपेक्षा महाग पडतो, ही त्या उजेडाची किंमत आहे आणि ती माहीत असताना आम्ही निवड केली.

बेदाण्याचा सौदा झाला आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दुकानात गेलो.

काउंटरवरच्या पोराने आधी सेल्फी कॅमेरा दाखवला, मग कडा वळलेला पडदा. त्याच्या अंगात एका कंपनीचा टी-शर्ट होता. अशी पोरं बऱ्याच दुकानांत कंपनीनेच नेमलेली असतात, त्यामुळे ती आपल्याच कंपनीचा फोन पुढे करणार, हे धरूनच ऐकावं. आप्पांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ह्यो जरा भाईर उन्हात दावता का?" दुकानाचे मालक उठले आणि दोन फोन घेऊन स्वतः फुटपाथवर आले. बाहेर आल्यावर पुढचं बोलणं दोन मिनिटांत संपलं, ए१६ ठरला.

पैसे देण्याआधी तीन कामं केली. फोनवर *#०६# दाबून आलेला आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर, खोक्यावरचा आणि बिलावरचा, तिन्ही जुळवून पाहिले. केवायएम लिहून पुढे तो नंबर घालून १४४२२ वर एसएमएस पाठवला, फोनचं नाव आणि कंपनी बरोबर आली. वापरलेला फोन घेणाऱ्याने तर हे केल्याशिवाय पैसे काढूच नयेत. आणि १८ टक्के जीएसटी दाखवलेलं पक्कं बिल घेतलं. पुढे फोन हरवला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो बंद करून घ्यायला पोलिसांतल्या तक्रारीबरोबर हा नंबर लागतो. खोक्यात चार्जर येत नाही, केबलच येते, हे माहीत होतं, म्हणून २५ वॉटचा चार्जर वेगळा घेतला.

जुन्या फोनचे बाराशे देतो म्हणाले. दिला नाही. नऊशे रुपयांत त्याची बॅटरी बदलली, बँकेची सगळी ॲप काढून टाकली, आणि तो आईचा झाला. अक्षरं मोठी करून दिली, आवाजाने मराठी लिहायची सोय लावून दिली. आता दुपारी दोन तास आप्पांची वाट बघायची तिला गरज पडत नाही. बचत गटाचा हिशेब ती सकाळीच करते.

सहा महिन्यांनंतर

२०२५ चा पावसाळा फार लवकर आला, २६ मेलाच मान्सून मुंबईत पोचला होता. आमच्याकडे खरड छाटणीनंतरच्या, म्हणजे माल निघाल्यावर उन्हाळ्यात करतात त्या छाटणीनंतरच्या, कोवळ्या फुटीवर पाऊस सुरू झाला आणि आप्पा रोज भिजत बागेत. फोनला आयपी५४ हे धूळ-पाण्यापासून बचावाचं मानांकन आहे. त्यातला ५ म्हणजे धुळीपासून बऱ्यापैकी बचाव, पूर्ण नाही, आणि ४ म्हणजे चहूबाजूंनी आलेले शिंतोडे. पाण्यात बुडवायला हा फोन नाही, आणि पाणी आत गेलं तर वॉरंटी सहसा कामाला येत नाही. आप्पा फवारणीला अजूनही प्लास्टिक पिशवीच वापरतात. पिशवी आणि आयपी५४, दोन्ही मिळून पावसाळा निघाला.

ऑगस्टमध्ये सोयाबीनची ई-पीक पाहणी आप्पांनी एकट्याने, एका खेपेत केली. घरून नकाशा उघडून गेले होते.

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पुन्हा एका पानावर डाग आला. पालथ्या पानाचा फोटो, एचडीमध्ये. सल्लागारांचं उत्तर पंधरा मिनिटांत आलं आणि दुपारच्या आत ब्लोअर सुटला.

एक गोष्ट मात्र आमची चुकली. आम्ही ऊन मोजलं, जीपीएस मोजला, खिसा मोजला नाही. ६.७ इंचांचा पडदा. आप्पांच्या नेहरू शर्टाच्या वरच्या खिशातून फोन दोन बोटं बाहेर राहतो आणि द्राक्षाच्या कामात माणूस दिवसभर खाली-वर होतो. जूनमध्ये विरळणी करताना वाकले आणि फोन वरंब्यावर पडला. माती मऊ होती, नुसती काच-गार्ड तडकली. वही घेऊन दोन दिवस मागे फिरलो तेव्हा ते किती वेळा वाकतात हे मी टिपलंच नव्हतं. लहान पडद्याचा फोन या दरात मिळाला असता का, तर अवघडच होतं. पण निदान ते बघून ठरवलं असतं.

आईने दुसऱ्याच दिवशी आप्पांच्या चार शर्टांना आतून, डाव्या बाजूला, मांजरपाटाचा खोल खिसा शिवला. वर दोन बटणं. फोन त्यात आडवा बसतो, आणि काढायला आप्पांना एक हात पुरतो.